आस

बारा गावं, दोनशे चाळीस बायका,
पत्र्याच्या डब्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या.
सर्जेकोटच्या लिलावाच्या कट्ट्यावर
तांडेलांच्या धाकट्याने एकेक उचलली :
जिची निघाली तिला बर्फाची निळी पेटी,
जिची नाही तिला सहा कपबश्या,
आणि दोघींना वर्षभर माझे तेच प्रश्न –
काय विकलं, कितीला, किती उरलं, किती फेकलं.

वर्षाने उत्तर आलं : चाळीस.
पेटीवालीला दिवसामागे चाळीस रुपये जास्त.
पुण्याच्या मॅडमनी फोनवर दोनदा वाचून घेतलं.
मी सौंदाळे घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी तळाशीलला
शेवंती कोयंडे पेटीवर बसून पेडवे निवडत होती.
चाळीस ऐकून तिचा हात थांबला.
"कोणाचे गो चाळीस?
होडीवालो पेटयेचे धा रुपये वेगळे घेता.
एकटीक ती उचलत नाय.
पयली सांजेक टोपली रिती करून मी मोकळी,
आता गिऱ्हाईक म्हणता,
बर्फात आसा मां, सकाळी येतंय."

रात्री मी यादी पोटातून चिरली.
रस्त्याकडच्या एका बाजूला, खाडीपलीकडच्या दुसऱ्या.
रस्त्याकडे बहात्तर.
पलीकडे उणे अकरा.
चाळीस हा कुणाच्याच वाट्याला न आलेला मासा.

मग चटकच लागली हाताला.
घरात सून आहे, नाही.
स्कूटर आहे, नाही.
पन्नाशीच्या आत, बाहेर.
पहाटे तीनला घबाड सापडलं :
सोमवार पाळणाऱ्या, पन्नाशीपुढच्या, सून नसलेल्या –
एकशे नव्वद रुपये!
मोजल्या. तिघी होत्या.
त्यातल्या एकीच्या मुलाला त्या महिन्यात घोळ लागली होती.

सकाळी पराडकरकाका ओट्यावर जाळं सांधत होते.
मी काही विचारलंही नव्हतं,
पण डोळे लाल बघून म्हणाले,
"आस बारीक केलंस तर कचरो गावता,
मोठो ठेवलंस तर बांगडोय जाता.
दर्यात जावच्या आदी ठरव, काय धरूचा."

आम्ही ठरवलं होतं, काका.
पहिली चिठ्ठी निघण्याआधी पाकीट चिकटवलं होतं :
कोणते गट पाहू, एवढेच पाहू, नंतर नवे काढणार नाही.
वय, शिक्षण, जात, रेशनकार्डाचा रंग.
खाडी कुणाला सुचली नाही.
पुण्यात खाडी नसते.
आणि मी, जन्म खाडीकाठी गेलेली,
मीही नाही लिहिली.

म्हणजे शेवंतीचे उणे अकरा
आणि सोमवारवाल्या तिघींचे एकशे नव्वद
कागदावर सारख्याच पापाचे.
मला फरक कळतो. मी होडीत बसलेय.
पण होडीत बसणं हा पुरावा होत नाही,
हे मीच नवीन पोरांना शिकवते.

बरं, उणे अकराही शेवंतीचे नव्हेत.
त्याच बुधवारी, त्याच भरतीला, त्याच भावात
पेटी नसलेली शेवंती
कुठल्या किनाऱ्यावर गाठू?
तिच्या जागी मी भागीरथी मेस्तला उभी करते,
कपबश्यावाली,
आणि दोघी एकच आहेत असं धरून वजाबाकी करते.
दोघींचं वर्षानुवर्षं बोलणं नाही.

अहवाल गेला.
पान एक : चाळीस, ठळक अक्षरात.
पान सदतीस, तळटीप : खाडीपलीकडे परिणाम वेगळा असण्याची शक्यता,
उणे बत्तीस ते अधिक दहा,
मधेच कुठेतरी शून्य,
होडीच्या मधल्या फळीवर अंग चोरून बसावं तसं.

निरोप घ्यायला गेले तेव्हा
पेटी चुलीपासून लांब, कोपऱ्यात होती,
आत तांदूळ.
"उंदीर शिरणत नाय," शेवंती म्हणाली.
उंदरांचा रकाना माझ्याकडे नव्हता.
"मगे, माझो आकडो कितको?"
होडीवाला हाक मारत होता.
मी म्हटलं, पुढच्या वेळी खाडी आधी लिहीन.
"लिव," ती म्हणाली,
"आणि त्याचे धा पण."