वारा कुठल्या बाजूचा

चार बाय सहाच्या प्लायवर बंदर बांधलंय,
खानापुरात, मागच्या खोलीत,
जिथे आधी नाचण्याची पोती असायची.
समुद्र इथून घाट उतरून, आणखी पुढे.
मी तो दोनदा पाहिला.
एकदा लग्नानंतर, एकदा कुणाच्या तरी अस्थी घेऊन.

उद्यमबागेत चौतीस वर्षं पॅटर्न केले,
सागवानी, ओतकामाआधीचे.
लोखंड निवताना आकसतं,
म्हणून फुटामागे इंचाचा आठवा हिस्सा वाढवून द्यायचा.
आमची पट्टीच तशी, खोटी, जराशी लांब.
रिटायर होताना ती पिशवीत टाकली.
कुणी विचारलं नाही.

बंदर इनासचं. म्हणजे त्याच्या तोंडचं.
लोंढ्याहून मुरगावला, मीटरगेजवर,
तो आधी कोळसा मारायचा, मग इंजिन चालवू लागला.
आता दोन्ही डोळे साखरेने नेले.
तो सांगत गेला, मी कापत गेलो.
धक्का. तीन क्रेन. गोदामाचा पत्रा, एक पन्हळ फाटकी.
रूळ वळतात तिथे चहाची टपरी,
"ती विसरशील बघ तू."

बारा मिलीमीटरचा रूळ,
त्याखाली खडी म्हणून कौलांच्या भट्टीमागचा चुरा,
तीन चाळण्यांतून.
पाणी निळं करू नको म्हणाला,
तेलकट हिरवं कर, मधे मधे राखेसारखं.
खांबांना चहाचं पाणी. इंजिनाला चुलीतली काजळी.
आणि गंज.
मल्लाप्पाने लेथचा कीस डबाभर आणून दिला,
"हे कशाला वो मामा? भंगारवाला बी घेईना."
व्हिनेगरमध्ये भिजवला, उन्हात वाळवला, खलबत्त्यात कुटला.
खलबत्त्यावरून घरात दोन दिवस अबोला.
तिसऱ्या दिवशी बायको दारात उभी राहिली:
"आधी नवं केलंसा, आता जुनं करूलालासा.
मग जुनंच का आणलं नाहीसा?"

इनास रविवारी आला, मिसा आटोपून.
बोटं टेबलाच्या कडेवरून सरकत धक्क्यावर चढली.
क्रेन चाचपली.
मला तेव्हा आठवलं, मापं सगळी त्या खोट्या पट्टीने घेतलीत,
क्रेन मोठी झालीय.
"बरोबर," तो म्हणाला, "एवढीच होती."
मग बोट तिच्याभोवती फिरवलं.
पुन्हा फिरवलं.
"चहूकडनं सारखाच गंज?"
"छान बसलाय की."
"वारा कुठनं येतो तुझ्या बंदरात?"

मी खिडकीकडे पाहिलं. उगाच.

"समुद्र एका बाजूने खातो रे.
पाठीमागच्या अंगाला मी चुन्याने नाव लिहिलेलं,
सात वर्षं होतं."
बोट जिभेला लावलं.
"आणि खारट नाही."

तो गेल्यावर पॉलिशपेपर घेऊन बसलो.
जुनं करणं सोपं होतं, हात आपोआप चालायचा.
अर्धी क्रेन पुन्हा नवी करायला अकरा रात्री लागल्या.
ती बाजू गुळगुळीत झाली, करडी,
तिथे काडीच्या टोकाने नाव लिहायला घेतलं
आणि थांबलो.
कुठल्या लिपीत लिहिलेलं, विचारायचं राहिलं.
आमच्या भागात हा प्रश्न काही लहान नाही.
चुन्याची नुसती एक रेघ ओढली.
त्याला कळेल, किंवा नाही कळणार.

मग स्वयंपाकघरातली बरणी हळूच उचलली
आणि जाडं मीठ प्लास्टरवर विखुरलं,
मुठीने, पेरतात तसं.

इथली हवा जंगलाची, कपाटातली पुस्तकंसुद्धा फुगतात.
सकाळी पाणी ओलं होतं.
मी ओतलं नव्हतं.

आज सव्वीस दिवस झाले.
धक्क्याच्या फळ्यांत ठोकलेले खिळे, टाचणीएवढे,
त्यांना मी रंग लावायचा विसरलो होतो.
भिंग लावून पाहिलं:
खिडकीकडच्या रांगेत, फक्त त्याच रांगेत,
खिळ्यांच्या माथ्यांवर नारिंगी ठिपके आलेत.

इनासला अजून सांगितलेलं नाही.
रविवारी त्याचं बोटच नेऊन ठेवतो.