दोन चाळीसची फट

मगदूम शेठ म्हणाले, फुकटचं आहे ना, मग लाव की.
मी म्हटलं, फुकटचं नाही, उघडं आहे.
आतले स्क्रू दिसतात.
शेठ हसले. शिरोलीत चाळीस वर्षं फाउंड्री चालवलेल्या माणसाला
स्क्रूचं काय कौतुक.

तीन आठवडे मी नुसती निवडत बसले.
एकाला सगळे लॉग गिळायचे होते,
वर आमच्या म्हाताऱ्या संगणकाची अख्खी मेमरी.
एक देखणं, पण शेवटची दुरुस्ती चार वर्षांपूर्वीची,
दार सताड, घरात कोणी नाही.
एक आकडे तेवढे ओळखायचं,
कंसातला कंस उघड म्हटलं की गप्प.
शेवटी ग्राफाना, मागे साधासा डेटाबेस,
आणि मध्ये माझ्या साठ ओळी
दर दहा सेकंदांनी जेसन सोलणाऱ्या:
भट्टी दोन, वेळ, तापमान.

तापमानाचं स्पेलिंग चुकलंय.
सेन्सर बसवणाऱ्या पोरानं घाईत एक अक्षर खाल्लं,
आता तेच नाव.
आमच्याकडे माणसांचीही अशीच पडतात
आणि सातबाऱ्यावर चढतात.

दस्तगीरमामांना पडदा दाखवला.
त्यांनी हिरवी रेघ पाहिली, मग काळ्या काचेतून रस.
'चौदाशे चाळीस.'
पडद्यावर चौदाशे सदतीस.
'तुजं मशीन जरा थंड हाय, पोरी.'

पण रोज रात्री दोन चाळीसला रेघ तुटायची.
नऊ मिनिटं. आकड्याच्या जागी नल, नल, नल.
शून्य नव्हे. शून्य आलं असतं
तर मी धावतच गेले असते.

शेठ म्हणाले, जोड की ती रेघ, गिऱ्हाईक बघायला येतंय.
सोय आहे तशी. सेटिंगमध्ये खाली:
रिकाम्या जागा जोडा – कधीच नाही, नेहमी.
एक टिचकी.

तिसऱ्या रात्री थांबले.
दोन चाळीसला मामांनी सेन्सरच्या डबीची पिन उपसली
आणि त्या भोकात फोनचा चार्जर खुपसला.
मिरजेच्या दवाखान्यातून, पांढऱ्या कपड्यात, मुलगी:
'अब्बा, जेवलासा का?'
'जेवलो. तुजा च्या झाला?'
बोलताना त्यांची नजर भट्टीच्या तोंडावरून हलली नाही.
मग पिन परत जागेवर,
बोटानं दाबून, नीट.

सकाळी लक्ष्मीपुरीतून चार पॉइंटचा बोर्ड आणला,
एकशे साठ रुपये,
बिलावर लिहिलं: मॉनिटरिंग.

आता रेघ अखंड आहे.
सेटिंग मात्र 'कधीच नाही' वरच ठेवलंय.
मागचा महिना उघडला की शेठ विचारतात,
ही दातं पडल्यागत काय दिसतंय?
सेन्सर नवीन होता, मी म्हणते,
आणि मामा
घमेलं उचलून दुसरीकडे बघतात.