दोघांचा रकाना

धारणीपासून बावीस किलोमीटर, उपकेंद्राचा ओटा.
लॅपटॉप मांडीवर, चार्जरची वायर खिडकीतून आत.
वीज असते तेव्हा काम.
गेली की सोगरती कासदेकर मला बोलायला शिकवते.

फाइलीत चारशे बारा ओळी.
डावीकडे इंग्रजी, मधे मराठी,
उजवा रकाना कोरा, माथ्यावर फक्त : कोरकू.
पहिल्याच दिवशी 'जतन करा'शी अडलो.
काय जतन? धान्य की पोर?
माहिती, मी म्हटलं.
ती तर डोक्यात असते, तिला कोण पळवते?
शेवटी 'ठेव'च्या जवळचं काहीतरी घातलं
आणि बटण दोन बोटं रुंद केलं.

मग आकडे.
एक असेल तर हे वाक्य, अनेक असतील तर ते.
पुण्यात बसून आम्ही दोनच खण पाडलेले,
जसं जगात एकटे असतात, नाही तर गर्दी.

कोरो म्हणजे माणूस, सोगरती म्हणाली,
कोरकू म्हणजे माणसं.
अन् दोघं असले तर?
दोघं म्हणजे अनेकच की.
ओट्यावरच्या सगळ्या बाया हसल्या.
दोघं म्हणजे दोघं. त्याचं शेपूट वेगळं.

संदेश एवढाच होता : उद्या तपासणीला या.
एकटीला कशाला बोलावतो?
सातव्या महिन्यात सिपना ओलांडून एकटी कोण येते?
सासू असते, नवरा असतो, नाही तर धाकटी जाऊ.
'तुम्ही दोघं या' असं लिही.

रात्री टेकडीवर चढलो,
जिथे रेंजच्या दोन काड्या उभ्या राहतात.
साहेब म्हणाले, तिसरा खण आता नको,
गुरुवारी पाठवायचंय. आणि वापरणारे असे किती?
मी आकडा सांगितला. फोनवर तो लहान वाटला.
जिभेवर आलं होतं, काहून बा, बोली का मोजून बोलतेत?
पण 'ठीक आहे सर' म्हटलं,
त्या मराठीत, जी अकोला सोडताना
एसटीतच अंगात घातली होती, इस्त्रीची.
आईची वऱ्हाडी आमच्या कुठल्याच यादीत नाही.
मीही कधी रकाना मागितला नाही.

खाली येऊन फाइल उघडली.
'अनेक'च्या वर एक ओळ मोकळी केली,
नाव दिलं : दोन.
ती वाचणारा कोड अजून कुणी लिहिलेला नाही.

सकाळी सोगरतीनं वाक्य सांगितलं, मी टंकलं.
तिनं काचेवर बोट टेकवून अक्षर अक्षर वाचलं
आणि म्हणाली,
इथं एक काना जास्त पडला.