गंगावेशीतली पांढरी म्हैस

काष्ठौषधीवाल्या बरगाल्यांनी
मायफळं पुडीत बांधता बांधता विचारलं,
बाळ कितव्या महिन्याचं?
मी म्हटलं, तिसरा लागलाय.
फोटोसाठी पाहिजेत हे समजावून सांगायला
मागं गिऱ्हाइकं फार होती.

चांदी हुपरीची. सुकुमारअण्णांनी
तुटक्या पैंजणाचा तुकडा दिला, वजन न करता.
तेजाबात तो निमूट विरघळला.
माझी बोटं मात्र आठवडाभर काळी,
बँकेत सगळे विचारायचे, दहा ठिकाणी मतदान केलंस का?

कागद रात्री चांदीच्या पाण्यातनं काढला,
ओलाच काचेत दाबला,
आणि उजाडताना दूधकट्ट्यावर पेटी तीन पायांवर उभी केली.
आकाराम म्हशीच्या कुशीला डोकं टेकून बसलेला.
"काय मोजायलाईस गा? रस्ता रुंद करत्यात का काय?"
म्हटलं, फोटो. पाच मिनिटं हलू नका.
"मी न्हाई हाललो तर ही पान्हा सोडंल व्हय?"

पाच मिनिटं चरवीत धार वाजत राहिली.
एक रिक्षा गेली. शाळेची दोन पोरं.
तालमीतला एकजण पेला रिचवून, मिशी पुसून गेला.
कागदानं यातलं कुणीच ठेवून घेतलं नाही.

घरी मायफळाचं पाणी चमच्याचमच्यानं पाजलं.
बराच वेळ काही नाही,
मग एका कोपऱ्यातनं आभाळ काळं होत आलं.
हायपो. तासभर नळाखाली.
शेवटी दाजीपूरचं मेण आणि आईची जुनी इस्त्री:
कागद तुपात भिजल्यासारखा आरपार.

खिडकीशी धरला.
म्हैस पांढरी, शिंगं पांढरी,
चरवीत काठोकाठ काळं दूध.
आकारामची पाठ आहे, पटका आहे,
गुडघ्यांत चरवी आहे.
कोपरापासून पुढं नुसता धूर.

त्यानं तो उन्हाकडं धरून पाहिला.
"म्हस झ्याक आली. उभी ऱ्हायली, आली."
मग धुरावर अंगठा ठेवला.
"आन् हितं मी चाळीस वर्सं हाय की."
उलटं छापून देतो म्हटलं, काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं.
"म्हस अशीच ऱ्हाऊ दे.
दूध त्येवढं पांढरं कर, गिऱ्हाईक बघत्यात."

रांगेत किटली घेऊन बरगाले उभे.
बाळ कसं आहे?
बरं आहे, म्हटलं.
अंधारात ठेवलंय. उजेड सोसत नाही अजून.