तेराव्या पानाची कोरी पट्टी

लिएपायाच्या बंदरामागे माझा छापखाना.
लग्नपत्रिका छापतो, हेरिंगच्या डब्यांची लेबलं,
कुणी गेलं की काळ्या काठाची कार्डं.
वेल्टा आली ती फेब्रुवारीत, दार वाऱ्यानेच उघडलं,
काखेत बुटांचं खोकं, आत बावीस चित्रं.
"टॅरो," म्हणाली, "आपल्या टगबोटवाल्या बाहुल्यांचा."
आपल्या.
मी अजून हूं की चूं केलं नव्हतं.
पण माझ्या वयाचं या गावात आहे कोण
जे रविवारी चार वाजता त्या मालिकेसमोर
मुतायला न उठता बसलं नाही?

बारा भाग झाले, आणि मग एका रविवारी
तिच्या जागी बीटाच्या लागवडीची माहिती.
कारण कुणी सांगितलं नाही.
तेव्हा विचारायची पद्धत नव्हती.

चित्रं मी टेबलावर मांडली.
बोटीवरचा स्वयंपाकी बोका खुळा झाला होता,
धक्क्याच्या कडेला, एक पाय हवेत,
गाठोड्याऐवजी पोटाशी पातेलं.
लटकलेला म्हणजे दोरीवर वाळत घातलेला लेपा.
"हा हसतोय," मी म्हटलं.
"दोन्ही डोळे एकाच बाजूला," ती म्हणाली,
"त्याला उलटं काय नि सुलटं काय."
मनोऱ्यासाठी तिने दीपगृह घेतलं नव्हतं,
मासळी धुरावणाऱ्या भट्टीचं धुराडं घेतलं होतं, विजेने दुभंगलेलं.
"दीपगृह पडताना मला काढवत नाही."
ते मला पटलं.

खुळ्याच्या मफलरवरून मात्र आमचं वाजलं.
तिने तो पिवळा रंगवला होता.
हिरवा होता, मी शपथेवर सांगितलं असतं.
तिने चष्मा पुसला.
"ओयार्स, टीव्ही काळा-पांढरा होता. तुझाही."

खरंच की.
मग इतकी वर्षं तो हिरवा मी कुठून आणून जपला?
आईचा एक होता तसा, बहुतेक.
विचारायला आई नाही.

मग पाठी. पाठ अशी हवी की पान उलटं धरलंय
की सुलटं, कळता कामा नये.
तिने लाटा काढल्या होत्या, कुठूनही बघा, सारख्याच.
पण कोपऱ्यात एक सीगल.
"हा खोडून टाक, चुगली करेल."
"दुसरा काढते," म्हणाली, "समोरच्या कोपऱ्यात.
मग दोघंही गप्प बसतील."

तेरावं पान तिने सगळ्यात शेवटी दिलं.
सांगाडा नाही, विळा नाही.
एक हात. नुसता, उघडा, मनगटापुढे काळोख.
आठव्या भागात बोक्याचं कापड सटकलं होतं,
पापणी लवेल इतकाच वेळ,
आणि गावभरच्या पोरांनी तो हात पाहिला होता.
माझी धाकटी बहीण महिनाभर
बोक्याचं नाव काढू देत नव्हती.

"हा तर जादूगार," मी म्हटलं. "एक नंबर दे याला."
"आधी दिला होता. मग झोप लागेना.
हात दिसला तेव्हाच बोका मेला ना?"
"पुढच्या रविवारी होता की."
"होता," ती म्हणाली. "पण आपल्याला माहीत होतं."

मी बराच वेळ बघत राहिलो.
"अंगठ्याला चिंधी होती. कापलं असावं कशाने तरी."
या वेळी तिने टीव्हीचा विषय काढला नाही.
माझ्याच टेबलावरची पेन्सिल उचलली
आणि चिंधी बांधली. दोन वेढे, गाठ बाहेरून.

जुन्या कॅटांत तेराव्या पानाखाली नाव घालत नसत.
तिनेही पट्टी कोरी ठेवली.
कोपरे मी तीन मिलिमीटरने गोल केले, सगळे सारखे,
बोटांना काही समजू नये म्हणून.

"पिसून बघ," म्हणाली.
पत्ते नवे, कडक, हाताला लागेनात.
एक निसटला आणि जमिनीवर पालथा पडला.
दोन सीगल, समोरासमोर, गप्प.
आम्ही दोघंही लगेच वाकलो नाही.