लाल ट्रे

अंबडला, एक्स्लो पॉइंटच्या आतल्या गल्लीत
सत्तावीस वर्षं मी भोकं मोजतोय.
ब्रेक सिलिंडरचं भोक, एकोणीस मिलिमीटर,
वर फक्त दोन शतांश.
गो गेज आत जायला हवं, नो-गो अडायला हवं.
एवढंच काम.

भामरे साहेबांच्या काळात
लाल ट्रे टेबलाखाली असायचा, पायानं ढकललेला.
खोटं लिहा असं ते कधीच म्हणाले नाहीत.
सकाळी येऊन फक्त विचारायचे, "किती निघाले?"
आणि आकडा कमी असला की
चष्मा काढून पुसत बसायचे, बराच वेळ.
तेवढ्यावरून शिकलो आम्ही
चहा पिता पिता चाळीस रीडिंग भरायला,
मध्येच पेन बदलून,
एखादा आकडा जरा वेडावाकडा, खरा वाटावा म्हणून.
आणि नो-गो आत गेलंच, तर खिडकीतून
पांडवलेणीचा डोंगर बघायला.

मग निरगुडे मॅडम आल्या.
फळ्यावर सुविचार नाही, भाषण नाही.
तिसऱ्या महिन्यात एक लॉट चाकणहून परत आला.
टेम्पो दारात, आणि आमच्या सगळ्यांच्या नजरा
कळवणच्या त्या कंत्राटी पोरावर, हर्षलवर.
कुणी काही ठरवलं नव्हतं.
नजरांना वाट पाठ होती.
मॅडमनी रजिस्टर ओढलं,
'चूक कोणाची' या रकान्यात
स्वतःचं नाव लिहिलं, आडनावासकट.
"न बघता सही केली मी. ट्रे वर घ्या."

दोनशे अठ्ठ्याऐंशी नग.
साडेनऊ वाजले, त्याही मोजत होत्या.
पाथर्डी फाट्यापर्यंत पायी जाताना
पोरगा एक शब्द बोलला नाही.
सकाळी मात्र आपणहून टेबलाशी आला,
"काका, हे सात माझ्याकडून बिघडले."
हे वाक्य या शेडमध्ये
मी कधी ऐकलं नव्हतं.
उच्चारलं तर त्याहून नव्हतं.

जुनी रजिस्टरं अजून कपाटात आहेत.
माझं अक्षर त्यात फार सुरेख आहे.
ते नग कुठल्या गाड्यांत गेले, मी विचारत नाही.
फक्त एसटी कसारा घाट उतरायला लागली
की गप्पा थांबवतो, आणि ब्रेकचा आवाज ऐकतो.

मॅडमची बदली झाली. उद्या नवे साहेब.
ट्रे टेबलावरच आहे,
अजून कुणी हलवलेला नाही.
पण आज जाताना हर्षलनं विचारलं,
"काका, हे आल्या आल्या काय विचारतील?"