खडीची बातमी

उद्यमनगरात शनिवारी लेथचे पट्टे थांबले
की मगदुमांच्या शेडमध्ये भांडण सुरू होतं.
बाळगोंडा म्हणतो, ताकद मागच्याच चाकांना हवी.
एकाच गड्याला ओढायलाही लावायचं
आणि वाटही त्यालाच विचारायची,
ही कुठली रीत?

भाची रेवती हसते :
मामा, चार चाकांना चार मोटारी,
सेकंदाच्या हजाराव्या भागात हिशोब.
"हिशोब हुईल गं. हाताला कळणार काय?"

मधे सहासष्टची हेराल्ड,
अख्खं तोंड पुढं उलटून आतडी दाखवत.

दस्तगीर बोलत नाही.
चाळीस वर्षं भट्टीपाशी, ओतीव लोखंडाशी.
तळवे असे झालेत की
गरम चहाचा ग्लास धरूनच बसतो,
बायको ओरडते तेव्हा कळतं, भाजलं.

गेल्या मार्गशीर्षात गगनबावड्याच्या घाटात
मी त्याच्या शेजारी होतो.
तिसऱ्या वळणावर डांबर संपलं, खडी लागली,
आणि ते बारीक काळं चाक थरथरलं,
रॅकमधून पिनियनला, पिनियनमधून दांड्याला,
दांड्यातून थेट मनगटात.
त्यानं गाडी थांबवली.
खिशातलं नाणं काढून बोटांनी चाचपलं.
नाही.
परत चाक धरलं, पहिल्यात गाडी टाकली,
आणि मुद्दाम खडीवरूनच नेली.

वाद अजून चाललाय.
रेवती म्हणते, तसली थरथर
आम्ही सॉफ्टवेअरनं देऊ.
दस्तगीर पहिल्यांदाच वर बघतो :
"देशील? मग पोरी,
चहाच्या ग्लासात पण दे की जरा."